टबातले मासे

मुलुंडला पाच रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत अलंकार नावाची जुनी तीन मजली सोसायटी आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणिक कर्णिकच्या बाथरूममध्ये टब होता. अख्ख्या सोसायटीत तसा दुसरा नव्हता, आणि तो तिथे कसा आला हे प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगावं लागे. माणिकचे वडील, अप्पा, बांधकामांवर सुपरवायझर होते. वांद्र्याला एक जुना बंगला पाडायला घेतला तेव्हा मालकाने त्यांना विचारलं, यातलं काही हवंय का. दुसऱ्या कुणी सागवानी दरवाजे नेले असते. अप्पांनी टब आणला. बिडाचा, वरून पांढरा मुलामा दिलेला, गुडघ्याच्या वर येईल इतक्या उंच काठाचा. जिन्यातून चढवताना हमालांनी अप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टब बसवल्यावर बाथरूममध्ये उभं राहायला जेमतेम दोन फरश्या उरल्या. अप्पा एक-दोन रविवार त्यात पेपर घेऊन लोळले, मग पाण्याची बोंब सुरू झाली आणि टबाची टाकी झाली. पुढची कित्येक वर्षं कर्णिकांच्या घरात टब म्हणजे पाणी साठवायची जागा.

माणिक घाटकोपरला एका विमा कंपनीत होती. कामाला चोख, बोलायला फटकळ, हाताखालची पोरं तिला घाबरून असत. लग्नाचं बघू बघू म्हणता म्हणता राहून गेलं. त्याचं तिला फार काही वाटलं नाही, निदान ती तसं म्हणायची. अप्पा गेले. धाकटा भाऊ विद्याधर लग्न करून बोरिवलीला राहायला गेला. घरात माणिक आणि आई अशा दोघी उरल्या. मध्ये एकदा बढती मिळून नागपूरला जायची संधी आली होती. आईला एकटीला कुठे ठेवू, म्हणून तिने नाही म्हटलं, आणि तिच्या जागी जो गेला त्याला स्टेशनवर सोडायलाही ती गेली.

मग आईला विसर पडू लागला. आधी गॅस, मग घरचा रस्ता, मग विद्याधरचं नाव. एका दुपारी आई गाऊनवरच खाली उतरली, रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, मला माहेरी सोड. त्याने बिचाऱ्याने तिला सगळ्या मुलुंडभर फिरवून शेवटी पोलीस चौकीत आणून बसवलं. दुसऱ्या दिवशी माणिकने नोकरी सोडायचा अर्ज दिला. ऑफिसातल्यांनी निरोप समारंभात तिला चाकांची बॅग दिली, आता भरपूर फिरा म्हणाले. ती बॅग माळ्यावर गेली आणि तिच्यात गोधड्या भरल्या गेल्या.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावर पाणी झिरपायला लागलं. खाली चंपाबेन गाला राहायच्या. कच्छी जैन, विधवा, मुलगा-सून ठाण्याला. कर्णिकांचा आणि त्यांचा घरोबा इतका की कर्णिकांच्या दाराची एक चावी कायम चंपाबेनकडे असे. चंपाबेनच्या बाथरूमचं छत ओलं झालं, ओल स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत सरकली. सोसायटीने एक प्लंबर आणला. त्याने दोन्ही घरं बघून सांगितलं की वरच्या बाथरूमची फरशी गळतेय, सगळी उखडावी लागेल. विद्याधर म्हणाला, आईच्या अशा अवस्थेत घरात तोडफोड कुठे करतेस. मग प्लंबरने दुसरा उपाय सुचवला. फरशीवर पाणी पडू देऊ नका, आंघोळी टबात करा. टबाचं पाणी थेट पाइपात जाईल, काळजी नाही.

तेव्हापासून आईला रोज टबात उतरवून आंघोळ घालायची वेळ आली. आत प्लास्टिकचं स्टूल ठेवायचं, आईचा एक पाय उचलून काठावरून पलीकडे न्यायचा, मग दुसरा. टबाचा तळ गुळगुळीत. पहिल्याच आठवड्यात आई घसरता घसरता वाचली. विद्याधरच्या बायकोने, माधुरीने, ऑनलाइन शोधून पाय न घसरण्याचे खरखरीत स्टिकर मागवून दिले. निळ्या माशांच्या आकाराचे. माणिकने दुपारभर बसून ते टबाच्या तळाला चिकटवले.

आई काही त्यांच्यावर पाय ठेवेना. कर्णिक मंडळी मासे खाणारी, आईने जन्मभर मासळीवालीशी घासाघीस केलेली. कधी ती टबात वाकून म्हणे, हे ताजे दिसत नाहीत, परत कर. पण बहुतेक दिवशी तिला वाटे की ते जिवंत आहेत. अंगावर पाय कसा देऊ गं त्यांच्या, म्हणून ती काठ धरून उभी राही आणि थरथरे. मग माणिक रोज तेच म्हणायची. आई, मासे झोपलेत. हळू पाय ठेव, उठायचे नाहीत. असं दहादा म्हटलं की आई एक पाय आत टाकायची. आंघोळ होईस्तोवर माणिकचाच घाम निघे.

आणि गळती काही थांबली नाही. थोडी कमी, थोडी जास्त, चालूच. एके दिवशी जिन्यात चंपाबेन समोर आल्या, लाल डोळ्यांनी. तुमचं हे पाणी माझ्या घरात नको, माझा धर्म बुडतो, एवढं म्हणाल्या, कर्णिकांच्या दाराची चावी माणिकच्या हातात ठेवली आणि खाली गेल्या. पाणी गळल्याने धर्म कसा बुडतो हे माणिकला कळलं नाही. तिलाही राग आला होता. तिने विचारलं नाही. त्यानंतर दोघी जिन्यात एकमेकींच्या अंगाला अंग न लावता जात राहिल्या. आई गेली तेव्हाही चंपाबेन वर आल्या नाहीत.

आई गेली त्या दिवशी भेटायला आलेले सगळे म्हणाले, सुटली. आईबद्दलच म्हणत होते, पण बघत होते माणिककडे.

माणिकला मात्र सुटल्यासारखं काही वाटेना. सकाळी दहा वाजले की ती आपसूक गीझर लावायची आणि मग लाज वाटून बंद करायची. बाजारात गेली तर धावत परत यायची, आणि कुलूप उघडल्यावर आपण कशासाठी धावलो ते आठवायची. अशात विद्याधरने विषय काढला. त्याची मुलगी स्वरदा कांदिवलीला राहते, तिला बाळ झालेलं. बाळंतपणाची रजा संपत आलेली. माधुरीची बँकेतली नोकरी अजून चालू. विद्याधर म्हणाला की ताई, तू आता बोरिवलीलाच ये. मागची छोटी खोली तुझी. दिवसभर बाळ असेल, तुझाही वेळ जाईल. मुलुंडचं घर भाड्याने देऊ, एक चांगलं जोडपं मिळतंय.

"तू इथे एकटी काय करणार?" त्याने विचारलं.

या प्रश्नाला माणिककडे उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हणजे होकार, असं विद्याधरने धरलं. त्यात त्याचं काही कपट नव्हतं. अप्पांच्या माघारी घर आईच्या आणि त्याच्या नावावर झालं होतं, माणिकने तेव्हा स्वतःच म्हटलं होतं की मला काय करायचंय नाव लावून. आता तो तिला रस्त्यावर काढत नव्हता, स्वतःच्या घरी नेत होता. सगळे नातेवाईक म्हणाले, भाऊ असावा तर असा. माणिक मान डोलवायची. रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला बोरिवलीची ती मागची खोली दिसायची. खिडकीला जाळी, जाळीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. तिथे ती पडलेली आहे आणि बाहेर बाळ रडतंय, आणि सगळे वाट बघतायत की ताई कधी उठते.

ते जोडपं रविवारी घर बघायला येणार होतं. विद्याधरने फोनवर सांगितलं, घर जरा नीटनेटकं करून ठेव. आणि टबातले ते स्टिकर काढून टाक, बघणाऱ्याला वाटेल घरात आजारपण होतं. कामवाली बाई माणिकने महिनाअखेरीस बंद केलीच होती, कारण आता जायचंच होतं. त्यामुळे शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर ती स्वतःच गाऊन वर खोचून टबात उतरली.

मासे निघता निघेनात. आधी तिने नखांनी सोलून पाहिले. वरचं निळं प्लास्टिक निघे आणि खालचा डिंक तसाच राही, काळा, चिकट, माशाच्याच आकाराचा. गरम पाणी ओतून पाहिलं. व्हिनेगर लावून पाहिलं. स्वरदाला विचारलं तर तिने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई हसत हसत सांगत होती की तेल लावून ठेवा आणि जुन्या कार्डाने खरवडा. फोन चार्जिंगला हॉलमध्ये लावून माणिक खोबरेल तेलाची बाटली आणि ऑफिसचं जुनं ओळखपत्र घेऊन परत टबात बसली. तेल लावायचं, थांबायचं, खरवडायचं, डिंकाच्या वळवट्या चिंधीने पुसायच्या. हळूहळू जमू लागलं. एकेक मासा निघाला की खाली मुलामा दिसे, बाकीच्या टबापेक्षा जास्त पांढरा.

वरच्या मजल्यावर केतन भानुशालीच्या घरी लादी फोडायचं काम चाललं होतं, त्याचा घरघराट भिंतीतून येत होता. त्या आवाजात खरवडताना माणिकचा हात कधी थांबला ते तिचं तिलाच कळलं नाही. आई जिथे पहिलं पाऊल टाकायची तिथला मासा झिजून अर्धा झाला होता. त्याच्यावर कार्ड टेकवून ती बराच वेळ तशीच बसली. मग तोही काढला.

शेवटी दोनच उरले तेव्हा पाठ भरून आली. जरा उभं राहावं म्हणून ती काठ धरून उठली. तळ तेलाने माखलेला, खरखर तर तिने स्वतःच सोलून काढलेली. पाय असा सटकला की तिला पडतानाही कळलं नाही. डोकं वाचलं. उजवा पाय अंगाखाली मुडपला आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

पहिल्यांदा ती फक्त श्वास घेत राहिली. मग पाय अंगाखालून काढला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. घोटा भलत्याच बाजूला वळला होता. उजवं मनगटही सुजत चाललं होतं. डाव्या हाताने काठ धरून तिने अंग उचलायचा प्रयत्न केला. हात तेलकट, काठ तेलकट. अर्धवट वर आली आणि परत तळाशी घसरली, या वेळी कळ थेट मस्तकात गेली. पुन्हा एकदा केलं. मग नाही केलं. आईला ती रोज ज्या काठावरून पलीकडे नेत होती, तो काठ तिला आता भिंतीसारखा वाटत होता.

हॉलमध्ये फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला. दाराला लॅच लागलेलं. एक चावी आत, दुसरी बोरिवलीला विद्याधरकडे. तो फोन करणार तो संध्याकाळी ऑफिसमधून सुटल्यावर, आणि उचलला नाही तर म्हणणार, ताई बाजारात गेली असेल. आज कोणी येणार नव्हतं. माणिकने मनात सगळ्यांची यादी करून पाहिली, दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला. सगळे येऊन गेलेले, नाहीतर बंद केलेले.

बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, इमारतीच्या मधल्या अरुंद पोकळीत उघडते. ती त्या काचपट्ट्यांकडे तोंड करून ओरडली. वर मशीन सुरू, तिचा आवाज डक्टमध्ये विरून गेला. मशीन थांबलं की पुन्हा ओरडली. केतनला हाक मारली, वॉचमनला मारली. कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. कुणाच्या तरी टीव्हीवर मालिकेतली सासू सुनेला बोलत होती. जेवणवेळ झाली, तशी फोडणीचा वास आला. टब थंडगार, पाठीला बर्फासारखा लागत होता. तिला तहान लागली. नळ डोक्याच्या बाजूला होता, हात पुरत नव्हता.

मग खालून बादलीचा आवाज आला. चंपाबेन दुपारचे कपडे भिजवत होत्या. बादली सरकवल्यावर त्या खोकतात, तशा खोकल्या. इतक्या वर्षांत माणिकला त्यांचा सगळा दिवस या डक्टमधून पाठ झाला होता. तिला माहीत होतं की आता हाक मारली तर बरोब्बर ऐकू जाईल, कारण खालची खिडकी आणि वरची खिडकी एकाखाली एक.

तिने हाक मारली नाही.

आई गेली तेव्हा या बाईने दार उघडलं नव्हतं. तिला कोणत्या तोंडाने हाक मारायची, आणि या अवतारात, तेलाने माखलेल्या गाऊनवर. खालचा नळ बंद झाला. चपलांचा आवाज बाथरूममधून बाहेर चालला, तेव्हा मात्र माणिकच्या तोंडून आपोआप निघालं.

"चंपाबेन."

चपला थांबल्या.

"चंपाबेन, मी पडलेय. उठता येत नाहीये."

 मग खालून जरा संशयाने आवाज आला, "माणिकबेन? टाकीमध्ये पडले?"

"हो. पाय मोडलाय. दार आतून बंद आहे."

 जिन्यात त्यांच्या चपलांचा धडाधडा आवाज आला, पण त्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्या नाहीत, सरळ तिसऱ्यावर गेल्या. मशीनची घरघर बंद झाली. केतन आणि त्याच्याकडे काम करणारे कामगार खाली आले आणि दोन-चार घावांत लॅच उखडलं. माणिकला दरवाजाचा तो तुटण्याचा आवाज ऐकून रडू फुटलं. इतका वेळ आलं नव्हतं.

चंपाबेनने पुरुषांना हॉलमध्येच थांबवलं आणि आधी एकट्या आत आल्या. हातात स्वतःची चादर होती. ती माणिकच्या अंगावर टाकली. नळ सोडून ओंजळीने तिला पाणी पाजलं. आणि मग त्यांची नजर टबाच्या तळाशी गेली. तिथे न सोललेले दोन निळे मासे होते, आणि काठाजवळ सोललेल्यांचा ढीग. चंपाबेनने वाकून त्यातला एक उचलला, उलटासुलटा केला.

"हे मासे?" त्या म्हणाल्या.

माणिकला प्रश्न समजला नाही. ती म्हणाली, आई घसरू नये म्हणून लावले होते.

चंपाबेन टबाच्या काठावर टेकल्या. "तुमी रोज बोलायचे ना, आई, मासे झोपलेत. मी खालून ऐकायची. मला वाटलं तुमी जिवंत मासे आणून टाकीत ठेवतात. तेच पाणी माझ्या पिण्याच्या माठावर टपकतंय. किती वर्षं मी तेच समजली."

 माणिकला हसू आलं, आणि हसताना पाय इतका दुखला की हसण्याचं ओरडणं झालं. केतन बाहेरून घाबरून विचारू लागला, काय झालं, काय झालं.

"तुमची बा गेली तेव्हा तो आवाज बंद झाला," चंपाबेन हळू म्हणाल्या. "दहा वाजता मी थांबायची बाथरूममध्ये. वाटायचं वर जाऊ. पाय नाही उचलला." त्यांनी तो स्टिकर आपल्या पदरात पुसला, जणू तो घाण झाला होता, आणि ढिगावर परत ठेवला.

चादरीची झोळी करून माणिकला बाहेर काढलं. जवळच्या हॉस्पिटलात नेलं, संध्याकाळपर्यंत विद्याधर आणि माधुरी आले. घोटा दोन ठिकाणी मोडला होता, ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागली. मनगटाचं निभावलं.

हॉस्पिटलात विद्याधरने फार धावपळ केली. औषधं, डॉक्टर, सगळं त्याने बघितलं. माणिकला त्याचं बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी तिच्या लक्षात येत होतं की आता दोर आणखी आवळला जातोय. आधी ती एकटी काय करेल असा नुसता प्रश्न होता. आता तर पुरावाच मिळाला होता. विद्याधर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, बघा, म्हणूनच मी म्हणत होतो. सोडायच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलं की गाडी ठरवलीय, इथून थेट बोरिवलीला जाऊ, तिथे लिफ्ट आहे. मुलुंडचं सामान तो आणि माधुरी बांधतील. पाय बरा होईपर्यंत ती बसून बाळाला नुसतं सांभाळू शकेलच.

माणिक छताकडे बघत पडली होती. टबात पडून असताना ती त्या पांढऱ्या कडेकडे जशी बघत होती, तसंच तिला वाटलं. ओरडायचं तर आत्ताच.

"विदू, मी बोरिवलीला येणार नाही."

"ताई, आता वेडेपणा करू नकोस."

"आईचं केलं ते मी आपणहून केलं. आता मला कुणी धरून काही करायला लावू नका."

"तुला कोण धरतंय गं?"

"तू. प्रेमाने धरतोयस, पण धरतोयस."

विद्याधरचा चेहरा पडला. माधुरी पटकन म्हणाली की ताई, बाळाचं आम्ही बघू, तुम्ही त्याचं टेन्शन घेऊ नका, पण तुमचं कोण बघणार. माणिकने सांगितलं की दिवसभरासाठी एक बाई ठेवीन. आणि घर बघायला जे जोडपं येणार होतं त्यांना नाही म्हणून कळव. विद्याधर खिडकीशी जाऊन उभा राहिला. घर माझ्या नावावर आहे, असं तो त्या दिवशी म्हणाला नाही. पण त्या खोलीत ते सगळ्यांना ऐकू येत होतं. अखेर तो म्हणाला, ठीक आहे, प्लॅस्टर निघेपर्यंत. पुढचं पुढे बघू.

केतनच्या कामगारांनी खुर्चीवर बसवून माणिकला दुसऱ्या मजल्यावर चढवलं, आणि ती परत त्याच घरात कोंडली गेली. या वेळी खरोखरच. लिफ्ट नाही, पाय टेकायचा नाही. खिडकीतून गल्लीचा जेवढा तुकडा दिसे तेवढं तिचं जग. मीरा नावाची एक बाई सकाळी यायची, ती चांगली होती, पण संध्याकाळी गेली की घर अंगावर यायचं. कितीतरी वेळा माणिकला वाटलं, आपण हट्टाला पेटून स्वतःचंच नुकसान केलं. एकदा तर तिने विद्याधरला सांगायला फोन हातात घेतला होता की ये, ने मला. तेवढ्यात चंपाबेन कांदा-लसूण नसलेली खिचडी घेऊन आल्या आणि भांडं रिकामं होईपर्यंत हलल्याच नाहीत. नव्या लॅचची एक चावी त्यांनी मागितली नाही. माणिकनेच दिली.

गणपतीनंतर माणिक काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागली. प्लॅस्टर कधीच निघालं होतं. "पुढचं" कुणी काढलं नव्हतं. विद्याधर फोन करायचा, पण थोडक्यात. स्वरदाने तर बोलणंच सोडलं होतं, बाळासाठी आया शोधता शोधता तिची वाट लागली होती. खाली ओल वाढतच होती. तेव्हा माणिकने आणि चंपाबेनने मिळून विद्याधरला गळ घातली की एकदाच ती बाथरूमची फरशी उखडून टाकू, टबासकट. घर त्याचं, तेव्हा त्याचा होकार लागणारच होता. त्याने तो दिला, वर माणूसही पाठवला.

टब जिन्यातून उतरवायला कुणी तयार होईना, म्हणून घणाने फोडला. फोडताना इमारत हादरत होती. तुकडे भंगारवाल्याने नेले. खालची जागा उघडी पडली तेव्हा मिस्त्रीने माणिकला बोलावून दाखवलं. फरशी कधी गळलीच नव्हती. टबाखालचा पाइप सांध्यात तडकला होता, कदाचित बसवला तेव्हाच. साठवलेलं पाणी झिजलेल्या बुचातून त्यात पाझरायचं, आणि आंघोळीचं तर थेट चंपाबेनच्या छतात जायचं.

माणिक दारात स्टुलावर बसून त्या खड्ड्याकडे बघत राहिली. म्हणजे टब रिकामा ठेवून फरशीवर आंघोळ घातली असती तर एक थेंब खाली गेला नसता. आईला रोज तो काठ ओलांडायला लावला, रोज ती थरथरली, ते सगळं उगाच. चंपाबेन शेजारी उभ्या होत्या. त्यांनाही ते कळलं असावं. मिस्त्रीने विचारलं, नवीन टाइल कुठल्या रंगाची टाकायची.  माणिक म्हणाली, कुठलीही टाक, फक्त खरखरीत असू दे.

दिवाळीत भाऊबीजेला विद्याधर गाडी घेऊन न्यायला आला. माणिक जिना उतरली, एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून. पडल्यापासून ती पहिल्यांदाच मुलुंडबाहेर चालली होती. बोरिवलीला माधुरीने तिच्या आवडीची पापलेटं केली होती. स्वरदा आधी घुश्शातच होती, पण बाळाने माणिकची काठी धरली आणि सोडेना, तेव्हा तीही हसली. माणिकने विद्याधरला ओवाळलं. जेवणं झाली. माधुरी म्हणाली की मागच्या खोलीत गादी घालून ठेवलीय, दोन दिवस राहा, मग बघू.

माणिकने ती खोली बघितली. चादर नवी होती, उशाशी पाण्याची बाटली ठेवलेली. कुणीतरी मनापासून केलं होतं. तिला क्षणभर वाटलं, आडवं व्हावं. पाय ठणकत होता.

"विदू, मला गाडी बोलावून दे," ती म्हणाली. "काळोख व्हायच्या आत घरी पोचते."

विद्याधरने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने फोन काढला आणि विचारलं, "मुलुंडचा पत्ता काय टाकू, पाच रस्ता की गल्लीचं नाव?"

"पाच रस्ता टाक. आत मी सांगेन त्याला," माणिक म्हणाली, आणि चपला शोधायला दाराशी गेली.